आपल्या पोस्टमास्तरला बढती मिळाली

सुध्या,

शिव्या नंतर घाल. तीन वर्षं पत्र नाही, फोन नाही, दिवाळीला पणतीचा फोटो टाकला की वर्षाचा कोटा संपला, सगळं मान्य. आईच्या दिवसांना तू कोल्हापूरहून एसटीने उभा राहून आलास आणि मी तुझ्याशी धड दोन शब्द बोललो नाही, तेही मान्य. पण परवा जे झालंय ते मी फक्त तुलाच सांगू शकतो, हिलासुद्धा नाही.

आपल्या पोस्टमास्तरला बढती मिळाली रे.

वाईचा, निवृत्त, वय 68, तोच. बोळातल्या धन्वंतरीच्या औषधासाठी खोटी आभारपत्रं लिहिताना आपण जन्माला घातलेला पेशंट. परवा पहाटे घरच्या ग्रुपवर धाकट्या वहिनीने एक फॉरवर्ड टाकला, हिरवं बॅकग्राऊंड, कोपऱ्यात तुळशीचं पान, खाली कुठल्यातरी काढ्याची जाहिरात आणि मधे एका पेशंटचं आभाराचं पत्र. मी चहा पीत नुसताच वाचत होतो. तिसऱ्या ओळीला कप खाली ठेवला. "माझी छाती आता लोहाराच्या नव्या भात्यासारखी चालते." पुढे अजिंक्यतारा, मधे एकदाही न बसता. शब्द न् शब्द तोच. फक्त वय 72 केलंय आणि वाईचा पोस्टमास्तर आता पुण्याचा निवृत्त बँक मॅनेजर झालाय. 38 वर्षांत त्याला बढती मिळाली, आपल्याला मिळाली का?

मी आधी हसलो, खरंच सांगतो, इतका हसलो की नात उठली. मग खाली आत्याचा रिप्लाय दिसला. आत्या म्हणजे आपली आत्या, तुला आठवड्याला शेंगदाण्याची चटणी बांधून देणारी. तिने लिहिलं होतं, "बघा, बँकेतला माणूस आहे, खोटं कशाला लिहील."

तुला माहीत नसणार, तिला टीबी निघाला जूनमध्ये. घाबरू नकोस, साधा आहे, गोळ्यांना दाद देणारा. सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. दोन महिने झाले, खोकला थांबला, दोन किलो वजन वाढलं, आणि आता बाई म्हणते की झालं की बरं, उष्ण पडतात त्या गोळ्या, लघवी नारिंगी होते, आता उरलेले महिने काढा घेते. वहिनी काढा मागवून मोकळी झाली. अर्ध्यावर सोडलं की तोच आजार गोळ्यांना न जुमानणारा होऊन परत येतो हे मी फोनवर तीनदा सांगितलं. तिकडून एकच उत्तर, अरे पण त्या मॅनेजरला आला नाही ना परत. आता मी काय सांगू? तो मॅनेजर आम्ही दोघांनी मिसळ खात बनवला म्हणून?

माझी तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे.

आता मी बसलोय कुठे ते ऐक, म्हणजे तुला कळेल नशीब कसं टपली मारतं ते. लेकीकडे आलोय सहा महिने, नातीला सांभाळायला. बॉस्टनपासून लोकलने तासाभरावरचं गाव, नाव एअर. मला वाटलं हवा चांगली असेल म्हणून ठेवलं असेल, तसं मी इथे दोघांना सांगितलंही, जावई हसला. एअर हे औषधवाल्याचं आडनाव निघालं. डॉक्टर जेम्स कुक एअर. 1871 ला हे गाव वेगळं झालं, टाऊन हॉलला ह्याने पैसे दिले, म्हणून ह्याचंच नाव. आणि पैसा कशाचा, तर खोकल्याच्या औषधाचा. शेजारच्या लॉवेलमध्ये पोरवयात औषधाचं दुकान घेतलं, 1840 च्या दशकात चेरी पेक्टोरल नावाचं सिरप काढलं आणि कोट्यधीश झाला. सर्दी, घसा, डांग्या खोकला, दमा, आणि यादीच्या शेवटी हळूच क्षय. रानचेरीचं सरबत, दोनतीन मुळांचे अर्क, अँटिमनी आणि अफूतलं मॉर्फिन. मॉर्फिन, लेका! खोकला थांबायचाच, न थांबून जातो कुठे. छाती आतून पोखरत असायची, पण पेशंट रात्रभर गाढ झोपायचा आणि सकाळी उठून पत्र लिहायचा.

आणि युक्ती बघ, हा माणूस दरवर्षी पंचांग छापायचा. फुकट. लाखांनी प्रती, इंग्रजीशिवाय आणखी कितीतरी भाषांत. त्यात चंद्राच्या कला, ग्रहणं, हवामान, आणि मधल्या पानांवर पाद्र्यांची न् मास्तरांची पत्रं, आम्ही मरणाच्या दारातून परत आलो वगैरे. वर्षभर खिळ्याला टांगलेलं. तुमच्या घरी कॅलेंडरच्या मागच्या पानावर मूळव्याधीची जाहिरात होती आणि तुझे आजोबा भाजीला निघताना ती रोज वाचायचे, आठवतं? रोज वाचून वाचून त्यांना ती झालीच शेवटी. (हा जोक तुझाच आहे, चोरलेला नाही.) लॉवेलच्या स्मशानात ह्या एअरच्या थडग्यावर एक अवाढव्य संगमरवरी सिंह पहुडलाय. रविवारी जावयाने गाडीने नेलं दाखवायला. खोकल्याच्या औषधावर सिंह, आणि आपण अकरा पत्रांचे एकशे दहा रुपये घेतले.

त्या दिवसापासून मला नादच लागलाय. नात झोपली की मी हेच वाचत बसतो, ही म्हणते ह्या वयात कसली परीक्षा द्यायचीय तुम्हाला. एकेक नमुना बघ. सेंट जॉन लाँग, मूळचा आयरिश, धंद्याने चित्रकार, 1830 च्या आसपास लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर क्षय बरा करायला बसला. एक लेप होता, तो पाठीवर घासायचा, कातडी सोलून जखम करायची, म्हणजे त्यातून रोग बाहेर येतो. निरोगी कातडीला म्हणे तो लेप काहीच करत नाही. लॉर्ड लोकांच्या गाड्या दारात उभ्या. एक बाई आपल्या क्षयी मुलीला घेऊन आली, त्याने दुसऱ्या धडधाकट मुलीलाही आधीच बंदोबस्त म्हणून लेप लावला, कॅथरिन कॅशिन तिचं नाव. ती धडधाकट पोरगीच मेली. सदोष मनुष्यवधाचा खटला झाला, दोषी ठरला, शिक्षा किती, तर अडीचशे पौंड दंड! पेशंट येतच राहिले. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईच्या मृत्यूचा खटला, त्यात सुटला. आणि 1834 ला स्वतः गेला, ऐन तिशीत, क्षयानेच. थडगं कोणी बांधलं असेल? पेशंटांनी, वर्गणी काढून.

हे वाचून मी नातीचा पाळणा हलवायचा थांबलो.

आणखी एक, हे छातीचं नाही पण तुला आवडेल. इथल्याच लिन गावची लिडिया पिंकहॅम, बायकांच्या दुखण्यांवरच्या औषधावर हिचा फोटो असायचा आणि जाहिरातीत लिहिलेलं की मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. बायका मनातलं सगळं लिहायच्या, उत्तरंही यायची. बाई वारली 1883 ला. पत्रं येत राहिली, उत्तरं जात राहिली. 1905 ला एका मासिकाने तिच्या थडग्याचा फोटोच छापला, सन दिसेल असा. ती तर निदान एकदा जन्मली होती, आपला पोस्टमास्तर तेवढंही न करता बँकेत लागला.

पण सुध्या, मला झोंबलं ते वेगळंच. मी धरून चाललो होतो की ती सगळी पत्रं आपल्यासारखीच, कोणीतरी पोरं बसवून लिहून घेतलेली. तशीही होती, आणि खरी पत्रं गठ्ठ्याने विकणारे दलाल होते, एका औषधवाल्याला कंटाळलेला पेशंट दुसऱ्याला पत्त्यासकट मिळायचा. पण कितीतरी पत्रं अगदी खरी होती, खऱ्या माणसांनी, फुकट, डोळ्यात पाणी आणून लिहिलेली. कारण तो आजारच तसा आहे, मधेच महिना दोन महिने दम खातो. ताप उतरतो, भूक लागते, उन्हाळा लागला की बरं वाटतं, त्यात बाटलीतली अफू खोकला दाबते, आणि कित्येकांना मुळात क्षय नसायचाच, साधा जुना खोकला. त्या बऱ्या महिन्यात माणूस पत्र लिहायचा. पत्र छापून दहा गावांत पोचेपर्यंत लिहिणारा गेलेला असायचा. गेलेला माणूस "मी गेलो" म्हणून दुसरं पत्र पाठवत नाही ना. पहिलंच छापत राहतात.

म्हणजे आत्या आत्ता त्या बऱ्या महिन्यात आहे. तिच्या हातात आज कागद दिला तर ती सुद्धा लिहील, काढा न घेताच.

पुढे 1906 ला अमेरिकेत कायदा आला, अफू, मॉर्फिन, भांग, क्लोरोफॉर्म, दारू काय ते बाटलीवर लिहायला लागलं. मग नावंही गुपचूप बदलली. पेनसिल्व्हेनियातलं पिसोज, शिकागोचं डॉक्टर किंग्ज न्यू डिस्कव्हरी, दोन्ही आधी क्षयावरची, मग एकदम खोकला आणि सर्दीवरची झाली. माफी कोणी मागितल्याचं मला दिसलं नाही. आपण तरी कुठे मागितली.

आणि मधेच आपली आनंदीबाई जोशी. तू नववीत तिच्यावर भाषण केलंस आणि "एम.डी." च्या जागी "एम.डी.एच." म्हणालास, सर्टिफिकेट तरीही तुलाच, ह्याचा राग माझा अजून गेलेला नाही. ती अमेरिकेला जायच्या आधी कलकत्त्यात होती तेव्हाच अंगात कणकण, डोकेदुखी, मधेच धाप, आणि इकडून, अमेरिकेतून, तिच्या पत्रातल्या कार्पेंटर मावशींनी तिला पोस्टाने औषधं पाठवली होती. उपयोग शून्य. एकमेकींना न पाहिलेल्या दोघी, नुसत्या पत्रांवरची माया, आणि त्या मायेने एवढ्या समुद्रापलीकडे बाटल्या पाठवल्या. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू बर्लिनमध्ये जाहीर केला 24 मार्च 1882 ला, ही डॉक्टर झाली 1886 ला, फिलाडेल्फियात. म्हणजे कशाने मरतोय हे कळण्याइतकं शिकली आणि त्यावर औषध मात्र जगात कुठेच नव्हतं. 26 फेब्रुवारी 1887, पुण्यात, बावीसही पुरी नव्हती. औषध यायला आणखी साठेक वर्षं लागली. आणि आज ते औषध सरकार आत्याच्या दारात फुकट देतंय, आशाताई स्वतः येऊन विचारते गोळी घेतली का, आणि आत्या म्हणते उष्ण पडते!

चिडचिड होते रे. वहिनीवरही चिडता येत नाही, तिनेही मायेनेच पाठवलं.

तुझं काय? प्रमोशनची केस संपली का? वहिनींचा गुडघा? चिन्मयचं लग्न ठरलं असं उडत उडत कळलं, मुलगी सांगलीची ना, छान. सविस्तर नंतर विचारतो, आता मुद्द्यावर येतो.

ती निळ्या रेक्झिनची वही तुझ्याकडेच आहे ना? माळ्यावरच्या ट्रंकेत, मागे एकदा तू म्हणाला होतास. 1987 ची. त्यात पोस्टमास्तरचा कच्चा मसुदा आहे. 38 वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की भात्याचं वाक्य सुध्याचं, तू दरवेळी भांडलास, राजूच्या लग्नात तर ताटावरून उठलास. ठीक आहे. तू लिहिलं होतंस "छाती घोड्यासारखी चालते", मी म्हणालो छाती घोड्यासारखी कशी चालेल गाढवा, आणि तुझा घोडा खोडून वरती भाता मी लिहिला. माझ्या अक्षरात. झालं तुझं समाधान?

आत्याने मला पाटीवर अक्षर शिकवलंय. माझा "भ" ती झोपेत ओळखते, त्याची गाठ मी अजूनही उलटीच काढतो, त्यावरून तिची पट्टी खाल्लीय मी. नुसतं सांगितलं तर म्हणेल अमेरिकेत बसून थापा मारतो. तेव्हा आज काहीही करून माळ्यावर चढ, त्या पानाचा फोटो काढ, खोडलेला घोडा आणि वरचा भाता दोन्ही नीट दिसले पाहिजेत, वरची तारीखही, आणि मला पाठव. ग्रुपवर टाकू नकोस, आधी मी तिला एकटीला फोन करून सांगतो. काय बोलेल ती बोलू दे. तिची गोळीची वेळ सकाळी सातची, म्हणजे इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ, त्याच्या आधी फोटो हातात पाहिजे.

शिडीला कोणालातरी धरायला सांग, तुझं वजन आता 1987 चं नाही.

तुझा,
नंद्या