बाटलीवरची पट्टी

मिरज,
१० ऑगस्ट २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वीस मिनिटं बोललास आणि त्यातली पंधरा रागावलेला होतास. मी मध्ये बोलले नाही. एक तर बाबांनी बातम्यांचा आवाज कमी केला नव्हता, आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. काल नारळीभात करताना डोक्यात तेच घोळत होतं. आज दुपारी सगळे झोपलेत, तेव्हा लिहायला बसले.

त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतल्या कामाबद्दलची तुझी तक्रार मला कळली. वालचंद कॉलेजमधले तुझे मित्र म्हणतात, मेकॅनिकल करून हा दवाखान्यात गेला. दवाखान्यातले म्हणतात, हा इंजिनिअर, याला पेशंटमधलं काय कळतं. ना धड इकडचा, ना धड तिकडचा. त्यात तुझ्या ड्रेन, म्हणजे ऑपरेशननंतर छातीतून नळीवाटे येणारं रक्त, मोजायच्या यंत्राकडे त्या सर्जननी तीन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, हे काम सिस्टर करतात की. बरोबर आहे त्यांचं. सिस्टर करतात. मी एकोणतीस वर्षं केलं. पण ते कसं करतात, हे त्या सर्जननी तुला सांगितलं नाही, आणि तूही कोणा सिस्टरला विचारलं नाहीस. मी घरात असून मलाही नाही. म्हणून आता ऐक.

हार्टचं ऑपरेशन झालेला पेशंट आयसीयूत आला की छातीतून निघालेल्या नळ्या बाटलीत सोडलेल्या असतात, हे तुला माहीत आहे. बाटलीवर आम्ही उभी ल्यूकोप्लास्टची पट्टी चिकटवतो. दर तासाला रक्ताच्या पातळीशी बॉलपेनने आडवी रेघ मारायची, शेजारी वेळ लिहायची, आणि मधला फरक चार्टवर. कागदावर इतकं सोपं आहे. आता खरं सांगते. नाइटला तीन पेशंट एका सिस्टरकडे आले, त्यातला एक बिघडला, की बाकी दोघांच्या रेघा राहून जातात. मग पहाटे पाचला पट्टीकडे बघून दोनचा, तीनचा, चारचा आकडा एकदम भरला जातो. एकूण बेरीज बरोबर येते, मधली वाटणी मनाने केलेली. मी केलं आहे हे. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणींनी केलं आहे. तुझ्या पेपरात 'हाताने नोंदवलेल्या आकड्यांशी तुलना' असं काहीतरी तू म्हणत होतास ना? तर ते हाताने नोंदवलेले आकडे म्हणजे काय चीज असते ते तुला कळावं म्हणून सांगितलं.

आणि एक रात्र आहे, जी मी तुझ्या बाबांनाही नीट सांगितलेली नाही. कुठल्या दवाखान्यातली ते जाऊ दे. पंचेचाळिशीचा माणूस, झडप बदललेली, पहिलीच रात्र. ड्रेन तासाला १२० मिली, मग ९०, मग ११०. सर्जनने सांगून ठेवलेलं, दोनशेच्या वर सलग गेलं तर उठवा. माझं लक्ष त्या दोनशेवर. त्यानंतरच्या तासाला आला २०. पुढच्या तासाला १०. मला हायसं वाटलं. रक्त थांबलं, देवच पावला, असं म्हणून मी शेजारच्या बेडकडे वळले. तिथे व्हेंटिलेटरशी झटत होते.

आमच्यात एक सीनिअर सिस्टर होत्या, कोट्टयमकडच्या. सगळे त्यांना चेची, म्हणजे ताई, म्हणायचे. मराठी त्या अशा बोलायच्या की हसू यायचं, पण पेशंटच्या बाबतीत त्यांचा शब्द डॉक्टरही मोडत नसत. त्या चार्ट न बघता थेट पेशंटच्या पायाला हात लावायच्या. त्या रात्री तसाच लावला. पाय गार. लघवी कमी झालेली, बीपी उतरत चाललेलं, सीव्हीपी, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब, चढत. त्यांनी नळी दोन बोटांत धरून वरून खाली चेपत आणली आणि मला म्हणाल्या, "कमी नाय झाला. अडकला." नळीत काळपट गाठ बसली होती, कलेजीच्या तुकड्यासारखी. रक्त वाहत होतंच, फक्त बाटलीत येत नव्हतं. हृदयाभोवती साठत होतं आणि हृदयाला फुलायला जागा ठेवत नव्हतं. सर्जनला उठवलं, पेशंट पुन्हा थिएटरमध्ये, छाती पुन्हा उघडली. वाचला तो. पंधरा दिवसांनी पेढे वाटून घरी गेला. मी पेढा घेतला नाही.

आता तू मला सांग, तुझं यंत्र त्या रात्री तिथे असतं तर त्याने काय दाखवलं असतं? वीस. मग दहा. आणि हिरवा दिवा. माझ्यापेक्षा अचूक दाखवलं असतं, इतकंच. माझ्या वीसच्या जागी एकोणीस पूर्णांक चार.

म्हणून त्या सर्जनवर रागावण्याआधी हे बघ, की तू जास्त रक्त आलं तरच ओरडणारं यंत्र बनवलं आहेस. एकदम कमी झालं तर त्याने आधी ओरडायला हवं. मागच्या तासांशी ताडून पाहायला हवं. मॉनिटरवरचं बीपी आणि सीव्हीपी त्याला वाचता येतं का ते तुझ्या सरांना विचार. येत असेल तर तिन्ही मिळून जो अर्थ निघतो तो एकट्या बाटलीतून कधीच निघणार नाही. पण ओरडायचं म्हणजे उठसूट नाही हं. आयसीयूत इतकं काही वाजत असतं, की आवाज बंद करायचं बटण कुठे आहे ते नव्या मुलीला आधी शिकवलं जातं. तुझं यंत्र रात्री चार वेळा उगाच वाजलं तर पाचव्या वेळी त्याच्यावर उशी ठेवलेली सापडेल.

वजनावरून मोजायची तुझी कल्पना चांगली आहे, पण बाटली एका जागी बसत नाही. सकाळी मावशी फरशी पुसायला येतात तेव्हा ती पायाने सरकते. एक्स-रेच्या वेळी वॉर्डबॉय मामा ती उचलून धरतात. पेशंट बदलतो तसं तिला लटकवणाराही बदलतो. आणि बाटलीत आधीपासून पाणी असतं, सीलसाठी, म्हणजे हवा उलटी छातीत जाऊ नये म्हणून. ते प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने घालतो. तुझं शून्य कुठून धरणार? यातलं काहीही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नसणार, आणि डॉक्टरीच्याही नाही. ते मावशींना ठाऊक आहे. मावशींना विचारताना खुर्चीवर बसून विचारू नकोस.

तू ज्या संस्थेत आहेस ना, ती उभीच अशी राहिली आहे, सर्जन आणि इंजिनिअर मिळून. मी थिएटरला होते तेव्हा आमच्याकडे चित्रा व्हॉल्व्ह, म्हणजे तिथेच तयार झालेली हृदयाची कृत्रिम झडप, यायचा. डबीतून निघालेली ती अंगठीएवढी वस्तू पहिल्यांदा हातात धरली तेव्हा मला ती दागिन्यासारखी वाटली. कापडाची कड, मध्ये धातूचा सांगाडा आणि त्यात तिरकी उघडणारी पांढरी चकती. चकतीला धातूचा चिमटा लावायचा नाही, हे आम्हाला बजावलेलं असे. कार्बनच्या चकतीचे व्हॉल्व्ह बसवलेल्या काही पेशंटची टिकटिक रात्री शांततेत बेडशेजारी ऐकू यायची. हा प्लॅस्टिकच्या चकतीचा असल्यामुळे पुष्कळ मवाळ.

ती पांढरी चकती सहज नाही सापडली. डॉ. वलियाथन १९७४ मध्ये त्रिवेंद्रमला आले ते सर्जन म्हणून, पण त्यांनी रुग्णालयाबरोबर पूजपुराच्या राजवाड्यात इंजिनिअर आणि रसायनवाल्यांची दुसरी शाखा थाटली. तीच जिथे तू आता मेसच्या भाताला नावं ठेवत बसतोस. आपल्याकडे घसा धरलेल्या पोरांची सांधेदुखी हृदयापर्यंत जाऊन झडपा खराब करायची आणि बाहेरच्या देशातली झडप परवडायची नाही, तेव्हा त्यांनी आपली करायला घेतली. पहिले तीन नमुने फसले. एकात चकती होती कृत्रिम नीलमाची, हिऱ्याच्या खालोखाल कडक. ती मेंढीच्या हृदयात फुटली. हिशोब कर: मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. इतक्या वेळा आपटायचं म्हणजे कडकपणा हाच दोष ठरतो, हे कोणाच्या आधी लक्षात आलं असेल? शेवटी चौथ्या नमुन्यात सांगाडा जेट इंजिनात वापरतात त्या कोबाल्टच्या मिश्रधातूचा आणि चकती चिवट पॉलिथिनची. ६ डिसेंबर १९९० ला तो पहिल्या पेशंटला बसवला. आजवर तो लाखाहून जास्त जणांना बसवला गेला आहे. म्हणजे सोळा वर्षं गेली, आणि तू सोळा महिन्यांत वैतागलास. गेल्या वर्षी जुलैत वलियाथन गेले तेव्हा पेपरात छोटीशी बातमी आली होती. मी कापून ठेवली आहे, तुझ्या कपाटात दहावीच्या मार्कशीटखाली.

तुमच्या संस्थेने रक्ताची पिशवीही केली, ती तर मी जास्त मानते. व्हॉल्व्ह लाखभर लोकांचा, पिशवी सगळ्यांची. मी ट्रेनिंगला होते तेव्हा रक्त काचेच्या बाटलीत यायचं. बाटली घेऊन ब्लड बँकेतून वॉर्डापर्यंत जिना चढताना छातीत धडधडायचं. एकदा एका मुलीच्या हातून पायरीवर फुटली आणि ती तिथेच रडत बसली. नातेवाइकाने दिलेलं रक्त होतं ते. पिशवी आल्यावर पडली तरी फुटत नाही, एवढ्या एका गोष्टीने आमच्या पिढीच्या सिस्टरांचं आयुष्य किती सोपं झालं, हे कुठल्या पेपरात लिहिलेलं नसेल.

व्हॉल्व्ह बसवला म्हणजे संपलं असंही नसतं बाबा. जत, आटपाडीकडच्या मुली यायच्या, वीस-बावीसच्या. दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, रोज रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि महिना-दोन महिन्यांनी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी. लग्न झालं की सासरी सांगायचं नाही म्हणून गोळी बंद. किंवा गोळी चालू, पण तपासणीला यायला एसटीचं भाडं नाही. मग व्हॉल्व्हवर गाठ धरते आणि मुलगी धापा टाकत परत येते. दिवस गेलेले असले तर आणखी मोठा पेच, कारण तीच गोळी पोटातल्या बाळाला नडते. चकतीत काही खोट नव्हती. तुम्ही पोरं चकतीपाशी थांबता. तुझ्या बरोबरीचं कोणी बोटातून थेंब घेऊन गावातच आयएनआर सांगणारं स्वस्त यंत्र करत असेल तर त्याला माझा आशीर्वाद सांग.

परवा सतारमेकर गल्लीतून येत होते. चाचांच्या दुकानात तंबोरा लागत होता. चाचा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायचे, तार छेडायचे, समोर बसलेल्या गाणाऱ्या बाईंकडे बघायचे. त्या मान हलवायच्या, नाही. परत कानस. मी अर्धा तास उभी होते, भाजी हातात. शेवटी त्यांनी जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावली तेव्हा बाई डोळे मिटून बसल्या. मी विचारलं, चाचा, तुम्हाला ऐकू येतं की बरोबर लागली ते, मग त्यांना कशाला बसवता? म्हणाले, गळा त्यांचा आहे. आणि गंमत म्हणजे यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी गेल्या, हात राहिला.

तर आता कामाचं. २७ तारखेला गणपती बसतो. तू आदल्या दिवशी पोचशील असं तिकीट काढ, आणि ते यंत्र कपड्यांत गुंडाळून घेऊन ये. तू म्हणालास पाण्यावर चाचणी झाली. रक्त पाणी नसतं. मी साबुदाण्याची पेज करून ठेवते, पातळ, त्यात मध्ये मध्ये न विरघळलेले दाणे. ती तुझ्या नळीतून सोडू आणि कुठे अडते बघू. बाबांनी जुन्या ड्रेसिंग टेबलाखाली बाटली टांगायला हूक ठोकून ठेवला आहे. शेजारच्या काकू फरशी पुसायला येतील, त्यांना मुद्दाम काही सांगणार नाही.

चेचींचा नंबर माझ्याकडे आहे. निवृत्त होऊन गावी असतात. त्रिवेंद्रमहून कोट्टयम रेल्वेने तीन-एक तासांचं आहे म्हणतात. ओणम झाल्यावर एक रविवार काढून जा. मल्याळम येत नसलं तरी चालेल, त्यांचं मराठी अजून तसंच आहे.

तुझी,
आई

ता. क. – एक विचारायचं राहिलं. यंत्राची चार्जिंगची पिन कुठे लावणार? बेडमागच्या बोर्डावर व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि सिरिंज पंप असतात, आणि उरलेल्या एका प्लगला कोणाचा तरी मोबाइल.