पाय वर घेऊन बसा, मामा

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आण्णांच्या दुसऱ्या डोळ्याची शेवटची तपासणी झाली त्या दिवशी मला तुमच्यासमोर धड बोलता आलं नाही. बाहेर पेशंटची रांग होती आणि माझा घसा दाटून आला होता. ‘थँक्यू मॅडम’ एवढंच म्हणून उठले. ते फार कमी पडलं, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण मोतीबिंदूची लेन्स निवडायची वेळ किती घरांवर येते, आणि त्या वेळी समोर कोण बसलंय यावर किती अवलंबून असतं, हे मी आता पाहिलंय.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. डॉक्टर दोन मिनिटं भेटले. पुढचं सगळं एका टेबलावर, लेन्सचे प्रकार छापलेल्या एका चकचकीत कार्डावर. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सगळ्यात खाली सिल्व्हर. ज्या माणसाची 50 वर्षं चांदीच्या कामात गेली त्याच्यापुढे ते कार्ड ठेवलं होतं. ठेवलं तरी कुठे, माझ्याचपुढे ठेवलं. आण्णा शेजारी बसलेले असताना ‘पेशंटला शुगर आहे का’ हेसुद्धा मलाच विचारलं. मी हो म्हटलं, त्यांनी लिहून घेतलं आणि पेनानं प्लॅटिनमभोवती गोल काढला. जवळचं-लांबचं सगळं दिसेल, चष्म्यापासून कायमची सुटका, एका डोळ्याचे 65 हजार. मी गप्प बसले तर पुढचं वाक्य आलं, ‘वडिलांसाठी एवढंही नाही करणार का?’

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. त्या रात्री मी पाटल्या काढून ठेवल्या होत्या. आण्णा परतीच्या एसटीत हुपरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते काम काय करतात, हे तिथं कुणीच विचारलं नव्हतं.

तुम्ही पहिलाच प्रश्न तो विचारलात, आणि त्यांना विचारलात.

“मामा, काम काय करता?”

“हुपरीचा हाय मी. चांदीचं काम. पैंजण.”

“मग कडी जोडताना चष्मा लावता की काढता?”

आण्णांनी सवयीनं चष्मा कपाळावर ढकलला. “काढतोय. कामाला चष्मा कधीच लागला न्हाई बगा.”

तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. जुना चष्मा मागून घेतलात, नंबर काढलात, उणे पावणेतीन. मग म्हणालात, “दुकानात बसता तसं बसून दाखवा.” आण्णा अवघडले. खुर्चीत नीट बस, पाय खाली सोड, हे त्यांनी बँकेत, कचेरीत, माझ्या सासरीसुद्धा ऐकलेलं. तुम्ही म्हणालात, “पाय वर घेऊन बसा, मामा. इथं कोण बघतंय?”

आण्णांनी मांडी घातली. पाठ वाकली, कोपर गुडघ्याला टेकलं, चिमट्यासारखी दोन बोटं डोळ्यांपुढे आली. आणि तुम्ही स्वतःच्या खुर्चीतून उठून, त्यांच्यापुढे खाली बसून, डोळ्यापासून बोटांपर्यंत टेप धरलीत. 36 सेंटीमीटर.

माझं सगळं ऋण त्या 36 सेंटीमीटरांचं आहे. ऑपरेशन तुम्ही उत्तम केलंत, पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते एवढंच, की एक डॉक्टर जमिनीवर बसून माझ्या बापाच्या कामाचं अंतर मोजतेय.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते मी ज्याला त्याला सांगत असते. साध्या, म्हणजे एकाच अंतराच्या लेन्सला कमी लेखू नका, असं तुम्ही म्हणालात. ती बहुतेकांना लांबचं स्पष्ट दिसावं अशा नंबरची बसवतात आणि वाचायला चष्मा देतात. पण आण्णांना उणे नंबरामुळे जवळचं विनाचष्म्याचं दिसायचं, त्याच नजरेवर त्यांचा हात तयार झालेला. लांबची लेन्स बसवली असती तर आयुष्यात पहिल्यांदा कामाला चष्मा घ्यावा लागला असता. म्हणून लेन्स साधीच, पण 36 सेंटीमीटरवर स्पष्ट दिसेल अशा नंबरची, आणि रस्त्यावर चालताना चष्मा, पूर्वीसारखाच.

आणि ती महागडी? ती वाईट नाही, कितीतरी जणांना छान मानवते, हेही तुम्ही सांगितलंत. पण ती उजेड जवळच्या-लांबच्या नजरेत वाटून देते. आण्णांच्या मागच्या पडद्यावर साखरेचे बारीक डाग तुम्हाला दिसले होते. आधीच दुबळ्या पडद्याला वाटलेला उजेड पुरला नसता, बारीक कामातलं उठावदार दिसणं कमी झालं असतं, आणि दिव्याभोवती, फुंकणीच्या ज्योतीभोवती वलयं दिसण्याची भीती वेगळीच. शुगर आहे हे तिथंही कागदावर होतं. तरी गोल प्लॅटिनमभोवतीच काढला गेला.

भट्टीच्या धगीनं डोळे कोरडे पडलेत, माप चुकेल, म्हणून तुम्ही आधी थेंब देऊन पुन्हा बोलावलंत. मी हेलपाट्याला कुरकुरले होते, त्याची माफी मागते. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकला तर नंबर अडीच-तीननं चुकतो, हे तुम्ही सांगितल्यावर आण्णाच माझ्यावर ओरडले, “माप म्हंजे माप!”

त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, “ही लेन्स असती तरी कशाची?” तुम्ही टाळलं नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या प्लास्टिक काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तर ते तिथं तसेच राहिले, डोळा चिडला नाही. हे पाहून हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी 1949 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्याच प्लास्टिकची पहिली लेन्स बसवली. हल्लीची मऊ असते, घडी करून तीन मिलिमीटरहून लहान छेदातून जाते आणि आत उलगडते. मधली चकती सहा मिलिमीटर, दोन बाजूंना धरून ठेवणारे दोन बारीक हात. मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये 1992 पासून लेन्स बनतात आणि त्यामुळे ती गरिबाच्या आवाक्यात आली, हेही तुम्ही सांगितलंत. आण्णांनी घरी येऊन त्या दोन हातांचं चित्र खडूनं फरशीवर काढून आईला दाखवलं. एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराशी बोलावं तसं तुम्ही त्यांच्याशी बोललात, म्हणून.

तुमच्याकडे दिवसाला किती पेशंट येतात मी पाहिलंय. मांडी घालून बसवायला आणि टेप धरायला तुम्हाला फार तर चार मिनिटं लागली असतील. ती चार मिनिटं कुठल्याच बिलात नव्हती. माणसानं माणसाला विचारावं, तुझे हात काय करतात, तुझा दिवस कसा जातो, एवढं साधं. मी शाळेत शिकवते. तेव्हापासून वर्गात एखादं पोर तिरकं वही धरून लिहीत असलं, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि मगच बोलते.

आण्णा पुन्हा कामाला बसतात. एका बैठकीत पूर्वीइतकं होत नाही, वय झालंय. पण घुंगरांच्या कड्या स्वतः जोडतात. जोड दिसला तर काम फसलं, असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत, आणि मधली दोन वर्षं तो जोड त्यांना स्वतःलाच दिसत नव्हता. तेव्हा ते पैंजण धाकट्या भावाकडे सरकवायचे आणि उठून बाहेर जायचे. ते बघवत नसे.

लेन्सच्या नंबरचं स्टिकर लावून तुम्ही दिलेलं कार्ड त्यांनी पाकिटात अंबाबाईच्या फोटोमागे ठेवलंय.

या पत्रासोबत एक छोटी डबी पाठवतेय. तुम्ही काही घेत नाही हे ठाऊक आहे, पण ही परत पाठवू नका. आत एकच कडी आहे, एका घुंगराची, ऑपरेशननंतर आण्णांनी जोडलेली पहिली. त्यांचा निरोप आहे, “मॅडमना म्हणावं, जोड कुठं हाय ते शोधून दावा.”

तुमची,
आण्णांची थोरली