कापशीच्या डॉक्टरांस कृतज्ञतापूर्वक

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या, संध्याकाळी शेतातून घरी परतलो, तेव्हा सासूबाईंनी हाताने शिवलेली वाकळ त्या आठवड्यात तिसऱ्यांदा भिजलेली आढळली आणि कापशीला घरात ठेवायचे की नाही, हा प्रश्न त्याच रात्री निघाला. दिवाळीत दोन महिन्यांची असताना आणलेली ही मादी ससा तोवर मोरीजवळच्या एकाच कोपऱ्यात लघवी करीत असे. चार महिन्यांची झाल्यावर मात्र ती दारापासून देवघरापर्यंत लेंड्या टाकू लागली, अंथरुणे ओली करू लागली आणि आमच्या पायांभोवती गिरक्या घालू लागली. "खोड लागली, आता शेतात सोडून द्या," असे जाणती माणसेही सांगत होती. घरात वाढलेला ससा उघड्या रानात कुत्र्यांपुढे किती वेळ टिकेल, या विचाराने माझ्या आठवीतल्या मुलीने जेवण सोडले होते. अशा मनःस्थितीत आम्ही औशाहून लातूरला आपल्या दवाखान्यात आलो. त्या दिवसापासून आपण जे केले, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बाहेर म्हशी आणि शेळ्या घेऊन आलेले शेतकरी ताटकळत असताना आपण दीड किलोच्या एका जिवासाठी अर्धा तास दिलात. वाकळेवरचा तांबूस डाग मी रक्ताचा समजून घाबरले होते. आपण लघवी पट्टीने तपासली, रक्त नसल्याची खात्री केली आणि पाल्याभाज्यांतील रंगद्रव्यांमुळेही सशाची लघवी तांबूस दिसते, हे समजावून सांगितले. त्यानंतर आपण जे म्हणालात, त्याने आमच्या घराची दृष्टीच बदलली: ही खोड नव्हे, कापशी वयात आली आहे आणि ही जागा आपली आहे, असे ती तिला येते त्या एकमेव भाषेत सांगते आहे. मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी उतरलेला मी पाहिला.

आपण मुलीला कागद देऊन घराचा नकाशा काढायला लावला आणि कापशी जिथे जिथे घाण करते, तिथे फुल्या मारायला सांगितल्या. सर्वांत जास्त फुल्या आल्या त्या कोपऱ्यात, म्हणजे आम्हाला सोयीच्या नव्हे तर तिने निवडलेल्या जागी, एका बाजूची कड कापलेला पसरट टब ठेवायचा; तळाशी शिळी वर्तमानपत्रे अंथरायची; आणि ससा खाता खाताच लेंड्या टाकतो म्हणून वाळलेले गवत टबाच्याच एका टोकाला ठेवायचे, ही आपली युक्ती आम्ही जशीच्या तशी पाळली. बाजारातले परदेशी गवत आम्हाला परवडणारे नव्हते. आमच्या बांधावरचे मारवेल वाळवून दिले तरी चालेल, हे आपण सांगितलेत, तेव्हा केवढा भार हलका झाला! सशाच्या लघवीत चुन्याचा अंश असतो, त्याचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात, पण शहाबादी फरशीही चुन्याच्याच दगडाची असल्याने ती लगेच पाण्याने धुवावी, इतका बारीक विचार आपण आमच्या घरासाठी केलात.

टबाने निम्मे काम झाले. उरलेल्यासाठी गर्भाशय व अंडाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देताना आपण काहीही झाकून ठेवले नाही. सशाला भूल देणे कुत्र्या-मांजरापेक्षा अधिक जोखमीचे असते, हे आपण आधी सांगितलेत. गर्भाशय तसेच राहिल्यास वय वाढल्यावर मादी सशांत कर्करोगाचे प्रमाण मोठे असते, हे नंतर सांगितलेत. मग निर्णय आमच्यावर सोपवलात. लातूरचा पारा चाळिशीपुढे जाण्याआधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, तिला सहा महिने पूर्ण होताच दिवस ठरला. आदल्या रात्री उपाशी ठेवण्याचा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. ससा ओकू शकत नाही आणि त्याचे आतडे थांबणे हाच खरा धोका आहे, म्हणून तिला खाऊ द्या, असे आपण फोनवर निक्षून सांगितलेत. त्या एका वाक्याचे मोल मला अजूनही मोजता येत नाही.

शुद्धीवर येताना तिच्या अंगाशी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली होती आणि नाकापुढे आमच्याच घरची कोथिंबीर. घरी आणल्यावर वेदनाशामक औषध मोजून ड्रॉपरने दिले आणि मायलेकी टबाशेजारी बसून राहिलो. रात्री साडेनऊला पहिल्या लेंड्या पडल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या, मोजून सात. आपण त्या वेळीही फोन उचललात आणि ती खाते आहे ना, एवढेच विचारलेत. तिसऱ्या दिवशी लेंड्या पुन्हा हरभऱ्याएवढ्या झाल्या. दहाव्या दिवशी आपण जखम पाहिलीत.

फरक एका दिवसात पडणार नाही, शरीरातला संप्रेरकांचा जोर ओसरायला काही आठवडे लागतील, हे आपण बजावले होते, म्हणूनच आम्ही धीर सोडला नाही. चौथ्या आठवड्यापासून वाकळ कोरडी आहे. दारापाशी अजून दोन-चार लेंड्या सापडतात. सासूबाई त्या केरसुणीने गोळा करून स्वतःच टबात टाकतात आणि कापशीला हाक मारून दाखवतात.

नखे कापायला पुढच्या आठवड्यात तिला घेऊन येत आहोत. आपल्याकडे येणाऱ्या इतर सशांसाठी वाळलेल्या मारवेलाचे एक पोते भरून ठेवले आहे, ते सोबत आणू. कृपया त्याचा स्वीकार करावा.

आपली ऋणी,
कापशीची पालक व परिवार
औसा, जि. लातूर