गॅस बंद, मग चीज

रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

दीड वर्ष पत्र नाही आणि आज हे जाडजूड पाकीट. फोडायच्या आधीच तू म्हणशील, काहीतरी घडलंय. घडलंय. प्रकृतीचं आधी उरकतो: गुडघा कुरकुरतो, रक्तदाब गोळीवर ठीक, चष्म्याचा नंबर वाढला. बास.

गुरुवारी मी दादाचं वाक्य बोललो. शब्दन् शब्द तेच, आवाजही तोच. धाकटीला. जेवायला बसलेल्या आठ माणसांसमोर.

कुठलं वाक्य, हे तुला सांगायला नको. हिला सांगून पाहिलं, तर म्हणाली, "बाप आहेस, बोललास एखादा शब्द. विसरेल ती." हिचीही चूक नाही, ही काही त्या रात्री आपल्या खोलीत नव्हती. तू होतास. सगळे उठून गेल्यावर तो मधे गारढोण राहिलेला कॅसरोल ओट्यापाशी उभ्याउभ्या दोन ताटं भरून खाणारा तू एकटा. त्यामुळे हे लिहायचं तर तुलाच.

आणि पदार्थसुद्धा तोच रे. चिकन, हॅम, चीज, पास्ता. त्याच्या नावावरून आपण महिनाभर भांडलो होतो. तुझं म्हणणं, चिकन, हॅम आणि चीज एकत्र आले की ते कॉर्दाँ ब्लूच. माझं म्हणणं, हॅम-चीज आत गुंडाळून, पावाचा चुरा लावून तळलेलं चिकन म्हणजे कॉर्दाँ ब्लू. भांड्यात पास्त्याबरोबर भाजलं की तो कॅसरोल. मग तू ज्ञानकोशच आणून आदळलास: कॉर्दाँ ब्लू म्हणजे निळी फीत, फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीनं १५७८ साली सरदारांचं जे मंडळ स्थापलं त्या सरदारांची. वाद काही मिटला नाही, पण दुसऱ्या दिवशी तू गळ्यात निळी नाडी बांधून भांडी घासायला उभा होतास. पोरीला ही गोष्ट इतकी आवडायची की तिच्या वहीत पदार्थाच्या डोक्यावर तिनं लिहिलंय, "बंडूकाकांचा निळी फीत कॅसरोल".

पंधरा दिवस तिची तयारी चालली होती. "बाबा, या वेळी मी एकटी करणार, तू फक्त बाहेर बस." मी बसलो नाही. दारात उभा राहून बघत होतो आणि अभिमानानं भरून येत होतं. तिनं मुद्दाम मांडीचं बोनलेस चिकन आणायला लावलं, छातीचं दोनदा शिजून कोरडं पडतं म्हणाली. कांदा आणि मिरी घालून पाणी नुसतं थरथरत ठेवलं, उकळी येऊ दिली नाही. थर्मामीटर खुपसून ७४ अंश बघितले, मगच चिकन बाहेर काढून हातानं तोडलं, आणि ते पाणी गाळून ठेवलं. पेनेच्या पाकिटावर ११ मिनिटं लिहिलेली, तिनं आठव्या मिनिटाला पास्ता उपसला. का, तर उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये सॉस पिऊन होतं. आठवतं का, तू पास्ता शिजला की नाही ते बघायला छतावर फेकायचास? एक पेने तिसऱ्या दिवशी दादाच्या चहात पडला होता. हॅम तिनं कोरड्या तव्यावर परतून घेतलं, त्यातलं पाणी उडालं. आणि सॉसमध्ये मीठ घातलंच नाही, हॅम आणि चीज दोन्ही खारट म्हणून. यावरून आपण किती वेळा हमरीतुमरीवर आलो होतो! तुझ्या बाजूनं निकाल लागला, एवढं मान्य करतो.

व्हाइट सॉस तर असा केला की बघत राहावं. ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा, मंद आचेवर दोन मिनिटं, रंग न येऊ देता, कच्चा वास जाईपर्यंत. मग ७०० मिलिलिटर कोमट दूध, आधी पळीपळीनं, मग धारेनं. एक गुठळी नाही. एक उकळी आणली, कारण मैदा त्याशिवाय पुरता फुलत नाही. चिकनचं थोडं पाणी घालून सॉस जरा सैल ठेवला, चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतका. ओव्हनमध्ये पास्ता सॉस ओढून घेतो, इथे दाट दिसला तर ताटात ठणठणीत कोरडा होतो.

आणि ताटात काय आलं? वरचा चुरा सोनेरी, कडा बुडबुडलेल्या, आणि पहिला चमचा आत घातला तर खाली पिवळं तेल आणि सॉस रवाळ. जिभेवर बारीक कण. कोणी काही बोललं नाही, सगळे खात होते. मीच बोललो. "जमत नसेल, तर हात लावू नये."

बंड्या, ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. डाव भांड्याच्या कडेला नीट टेकवून ठेवला, दांडा आपल्याकडे वळवून, म्हणजे पुढच्याला घेता येईल असा. मग सगळ्यांना पाणी वाढलं. रात्री ओटा पुसला. त्यानंतर स्वयंपाकघरात पाऊल नाही. सकाळचं ऑम्लेटही तिच्या हातचं असायचं, तर आता पावाला बटर न लावता तसाच खाते आणि जाते. बोलते, हसते, सगळं करते. फक्त तिथे येत नाही.

शुक्रवारभर मी चूक शोधत होतो. तिची चूक. हे तुला लिहितानाही हात जड होतोय. आधी वाटलं, ओव्हन जास्त तापला. आत वेगळा थर्मामीटर ठेवून बघितलं, १८० ला १८० च. मग वाटलं, मैदा कमी पडला असेल. तिची वही काढायला गेलो तर जागेवर नव्हती. रद्दीच्या गठ्ठ्यात सापडली. त्या पानावर, दुधाच्या प्रमाणाखाली, दोनदा रेघ मारून लिहिलेलं: "गॅस बंद. दोन मिनिटं थांब. मग चीज, मूठमूठ."

तेव्हा पोटात गोळा आला. कारण चीज तिनं घातलंच नव्हतं. मी घातलं होतं.

झालं असं होतं की पाहुणे येऊन तासभर झाला होता, मला घाई. आत गेलो तर गॅस बंद आणि ही किसलेल्या चीजचं वाडगं घेऊन उभी. मला वाटलं, विसरली. "अगं, चालू कर की," म्हणून मीच गॅस मोठा केला, सॉस रटरटायला लागल्यावर वाडगं तिच्या हातून घेतलं आणि सगळंच्या सगळं ओतून ढवळलं. मनात काय होतं, तर पोरीला मदत केली.

शनिवारी सगळे झोपल्यावर दोन लहान पातेली मांडली. दोन्हीत १५ ग्रॅम बटर, १५ ग्रॅम मैदा, २०० मिलिलिटर दूध. चीजही तेच, जुनं मुरलेलं चेडर, ५०-५० ग्रॅम. पहिल्यात तिच्या वहीप्रमाणे, गॅस बंद करून, थांबून, मूठमूठ. चमचा उचलला की सॉसची अखंड पट्टी खाली येत होती, गुळगुळीत, चकचकीत. दुसऱ्यात मी गुरुवारी केलं तसं. आधी काही कळलं नाही. मग कडेला पिवळे थेंब दिसायला लागले, सॉस आक्रसल्यासारखा झाला, आणि चमच्याला कण. चाखला. गुरुवारचीच चव.

आपल्या वेळी असं कधी झालं नाही, म्हणून मला हे ठाऊकच नव्हतं. आपण वापरायचो ते प्रोसेस्ड चीज. त्यात चरबी आणि प्रथिनं एकमेकांना धरून राहावीत म्हणून क्षार घातलेले असतात, ते कितीही उकळा, फुटत नाही. मुरलेल्या चेडरला तो आधार नाही. आच जास्त झाली की त्यातली प्रथिनं आवळून गोळा होतात आणि चरबी पिळून बाहेर टाकतात. पोरीनं हे वाचलं होतं, समजून घेतलं होतं, लिहून ठेवलं होतं. आणि मी सवयीच्या जोरावर तिच्या हातून वाडगं घेतलं.

आता खरं दुखणं सांगतो. आपलं ते सर्वांत मोठं भांडण आठव. जिन्यातलं. कॅसरोल मधे गार राहिला तो माझ्यामुळे नाही, हे तू मला सहा वर्षांनी सांगितलंस. फ्रिजमधून काढून थेट ओव्हनमध्ये घातलेल्या भांड्याला पाऊण तास तरी लागणार होता, आणि वर रंग आलेला बघून दादानंच विसाव्या मिनिटाला ओव्हन बंद केला होता. तू बघितलं होतंस. सहा वर्षं, बंड्या! मधली दोन वर्षं मी कढईला हात लावला नव्हता. जिन्यात मी तुला काय काय बोललो ते सगळं मला आठवतं. "ज्याला माहीत असतं आणि जो बोलत नाही तो दादापेक्षा वाईट," हेही. तू एवढंच म्हणालास, "अरे, आधी धीर झाला नाही, आणि मग फार उशीर झाला होता." मला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

मला कळून एक रात्र आणि एक दिवस झाला. आज सकाळी तिच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेलो. एकदा तिचा फोन चालू होता. दुसऱ्यांदा काहीच चालू नव्हतं, आणि मी विचारलं, "पंखा नीट चालतोय ना?" आता कळतं तुला तेव्हा काय झालं असेल. जिन्यातलं ते वाक्य मी मागे घेतो. पत्रात घेतोय, भेटलो की तोंडानंही घेईन.

दुपारी मी पूर्ण कॅसरोल केला, तिच्या वहीवरून, अक्षर न् अक्षर. ३०० ग्रॅम पेने, ४०० चिकन, १५० हॅम, २०० चीज. त्यातलं दीडशे चेडर सॉसमध्ये आणि पन्नास मोझरेला वर, बटरमध्ये घोळवलेल्या चुऱ्याखाली. १८० वर २५ मिनिटं, बाहेर काढून दहा मिनिटं हात न लावता ठेवला, म्हणजे सॉस बसतो. उत्तम झाला. ती मैत्रिणीकडे जेवून आली. भांडं झाकून ओट्यावर ठेवलं, निवल्यावर फ्रिजमध्ये टाकलं. हा असा पदार्थ दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नये, हेही वहीतच आहे.

तुझं विचारायचं राहिलंच. बदली टळली का? छताचं गळणं थांबलं? वहिनींना नोकरी लागल्याचं ताईकडून कळलं, फार आनंद झाला, त्यांना सांग. मोठ्याची परीक्षा कशी झाली? सविस्तर लिही, माझ्यासारखं दीड वर्ष लावू नकोस.

तुझा,
मी

ता. क. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं. साडेबाराला ती पाणी प्यायला आत आली आणि मला ओट्यापाशी लिहिताना बघून थबकली. मी सांगून टाकलं. गॅस मी मोठा केला, चीज मी ओतलं, तुझं काहीही चुकलं नव्हतं, आणि जे बोललो ते बोलायला नको होतं.

"माहितीये," म्हणाली. "मी तिथेच होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"पाहुणे होते, बाबा."

जाऊ दे वगैरे काही म्हणाली नाही. फ्रिजमधून भांडं काढलं, गारच एक चमचा खाल्ला, उभ्याउभ्या. मग म्हणाली, मस्टर्ड जास्त झालंय, आणि झाकून ठेवलास म्हणून वरचा चुरा मऊ पडला. वही कुठे आहे, म्हणून विचारलं. माझ्या उशाशी होती, आणून दिली. आता ओट्याच्या त्या टोकाला ती काहीतरी लिहितेय, या टोकाला मी.