विषय: तुमच्या सहा क्वार्टच्या स्लो कुकरमध्ये बसवलेला चुकीचा एलिमेंट आणि काल रात्रीचा फोन

एडिसन, न्यू जर्सी
५ डिसेंबर २०२५

ग्राहक सेवा प्रमुख आणि उत्पादन विभागाचे व्यवस्थापक यांस,

काल रात्री साडेअकराला, म्हणजे तुमच्याकडे सकाळी दहाला, मी तुमच्या पुण्याच्या ऑफिसला चौथा फोन केला. चाळीस मिनिटं बोलणं झालं आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेसेज आला: तक्रार बंद, कारण वापरात चूक. म्हणून आता लेखी देते आहे. मराठीत लिहिते, कारण चारही वेळा तुमची माणसं माझ्याशी मराठीतच बोलली. भाषेमुळे गैरसमज झाला असं उद्या कुणी म्हणायला नको.

वापरात चूक झालेली नाही. मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या तुमच्या या विजेच्या कुकरच्या अमेरिकेसाठीच्या डब्यात भारतातला एलिमेंट, म्हणजे तापणारी तार, आहे. ते मी मोजून दाखवलं आहे, आकडे खाली देते. पण आधी काय घडलं ते वाचा, कारण चार फोनांत एकानेही ते पूर्ण ऐकून घेतलेलं नाही.

२७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग होतं, इथला सगळ्यांनी मिळून जेवायचा सण. आमच्याकडे चौदा माणसं जेवायला. शेजारचं कुटुंब दर वर्षी येतं, त्यांच्यासाठी सोळा पौंडांची टर्की, म्हणजे कोंबडीसारखा मोठा पक्षी, ओव्हनमध्ये. ती ३२५ अंश फॅरनहाइटला चार तास ओव्हन अडवून बसते आणि घरात ओव्हन एकच. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत, त्यांचं हे इथलं पहिलंच थँक्सगिव्हिंग. त्या मांस खात नाहीत, अंडंही खात नाहीत. टर्कीच्या पोटात भरलेलं स्टफिंग, म्हणजे पावाच्या तुकड्यांचं सारण, त्यांना चालणारच नाही. कॉलेजहून चार दिवसांसाठी आलेली माझी मुलगी म्हणाली, आजीसाठी मी वेगळं करते, बिनअंड्याचं, भाज्यांच्या पाण्यातलं. तुमच्या पुस्तिकेत पान ३१ वर हीच कृती आहे. ती पाहूनच मी हा कुकर घेतला होता. तुमचंच पुस्तक, तुमचीच कृती.

पोरीने आदल्या रात्री दोन मोठ्या पावांचे तुकडे केले, ट्रेवर पसरून मंद ओव्हनमध्ये कडकडीत वाळवले. सकाळी लोण्याच्या दोन कांड्या वितळवून त्यात कांदा आणि सेलरी परतली, सेज आणि थाइम घातलं, सफरचंद, अक्रोड, वरून चार कप गरम पाणी. अकरा वाजता कुकर भरला. एक तास हाय, मग लो, झाकणाखाली स्वच्छ फडकं, म्हणजे वाफेचं पाणी पावावर टपकत नाही. झाकण मध्ये उघडू नका, दर वेळी वीस ते तीस मिनिटं वाढतात, असं तुम्ही ठळक अक्षरात छापलं आहे. आम्ही उघडलं नाही.

साडेतीनला उघडलं तर फडकं कोरडं होतं. तुम्ही हे उत्पादन बनवता, तेव्हा साडेचार तासांनी झाकणाखालचं फडकं कोरडं असणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वाफच धरली नव्हती. खाली पाव गिच्च ओला आणि कोमट, बाळाच्या दुधाइतका. थर्मामीटर मध्यभागी खुपसला: १०८ अंश फॅरनहाइट. इथल्या कृषी खात्याचं सांगणं असं की स्टफिंग आतपर्यंत १६५ अंशांना पोचलं पाहिजे आणि शिजवलेलं अन्न ४० ते १४० या पट्ट्यात दोन तासांवर राहता कामा नये. आमचं साडेचार तास तिथेच पडून होतं.

तुमच्या दुसऱ्या फोनवरच्या बाईंनी विचारलं, मग टर्की निघाल्यावर ओव्हनमध्ये का नाही तापवलंत? नाही तापवलं, कारण कोमट अन्नात काही जंतू जे विष सोडतात ते नंतर उकळूनही जात नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला मी ते वाढणार नव्हते. सगळं कचऱ्यात टाकलं. मुलगी बाथरूममध्ये जाऊन रडली. सासूबाई म्हणाल्या, मला काय गं, बटाटा आहे की. त्यांनी मॅश केलेला बटाटा आणि क्रॅनबेरी सॉस खाल्ला आणि रात्री नऊला मी त्यांना वरणभात लावून दिला. सणाच्या दिवशी, चौदा माणसांच्या घरात, जिच्यासाठी म्हणून केलं तीच उपाशी.

आता कालचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं सुरुवातीलाच सांगतात. ते ऐका.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, त्यात काय केलं होतं?" मी म्हटलं, स्टफिंग. "म्हणजे सारण? कशात भरायचं?" भरायचं नाही, ब्रेडचं असतं, नुसतंच शिजवतात. यावर तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला, मला ऐकू आलं. म्हणाला, "अहो ताई, ब्रेड तो भाजलेलाच असतो. तो परत काय शिजवायचा? आपला कुकर मटणासाठी आहे, छोले-राजम्यासाठी आहे. त्यात ब्रेड घातला तर कसं होणार?" मी म्हटलं, पान ३१ उघडा. तो म्हणाला, पुस्तिका माझ्यासमोर नाही. मी म्हटलं, मी वाचून दाखवते, आणि अख्खी कृती वाचून दाखवली. तो म्हणाला, "हां, ते एक्स्पोर्टवाल्यांनी टाकलं असेल." टाकलं असेल! मग ते एक्स्पोर्टवाले कुठल्या कंपनीचे?

मी म्हटलं, ब्रेड सोडा. मी नुसतं पाणी भरून सहा तास हायवर ठेवलं, तेही १२१ अंशांपुढे गेलं नाही. पाण्याची काय चूक? त्यावर तो म्हणाला, "तुमच्या घरी व्होल्टेज कमी असेल." मी म्हटलं, मोजलं आहे, १२१ व्होल्ट आहे. तेव्हा जरा थांबून तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते: "ताई, घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या, व्होल्टेजचं त्यांना समजावून सांगतो."

माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे, पुण्यातलाच. एकोणीस वर्षं मी कारखान्यांच्या कंट्रोल पॅनलवर काम करते. मी ते त्याला सांगितलं. तरी तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण सर आहेत का?" सर शेजारीच बसले होते. त्यांनी फोन घेतला नाही. ते म्हणाले, तिलाच सांगा, मीटर तिने लावलंय. तुमच्या माणसाने मग सुपरवायझरला देतो म्हणून गाणं लावलं, बारा मिनिटं गाणं वाजलं आणि फोन कटला.

आता आकडे, ज्यासाठी मी सुपरवायझर मागत होते. कुकरच्या तळाच्या पट्टीवर छापलं आहे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, २४० वॉट. त्या हिशेबाने हायवर पिनांमधला रेझिस्टन्स ६० ओहम यायला हवा. येतो २२०. भिंतीत वॉट मोजणारं मीटर लावून त्यात कुकर लावला, तर हायवर ६६ वॉट घेतो. आता भारतातल्या २३० व्होल्टवर २४० वॉटचा एलिमेंट करायचा तर किती ओहम लागतात, ते तुमच्या कुठल्याही वायरमनला विचारा. २२०. हा तुमच्या देशी मॉडेलचा एलिमेंट आहे आणि तो अमेरिकेच्या डब्यात बसवून, वर १२० व्होल्टची पट्टी चिकटवून तुम्ही मला पाठवला आहे. एक चतुर्थांश पॉवरवर तो कधीच काही शिजवणार नाही, ना ब्रेड, ना मटण.

आणि हे पत्र उत्पादन विभागालाही का, ते सांगते. माझ्या कुकरसाठीचा ६० ओहमचा एलिमेंट कुठे गेला? तो चुकून देशी डब्यात बसला असेल आणि कुणी तो सांगलीत किंवा नागपुरात २३० व्होल्टला लावला, तर तो २४० नाही, ८८० वॉट खेचेल. स्लो कुकर म्हणजे रात्री लावून झोपायची वस्तू. माझं स्टफिंग वाया गेलं, तिथे घर पेटेल. ही गोष्ट मी चार फोनांत दोनदा सांगितली. दोन्ही वेळा उत्तर आलं, ब्रेड कोण शिजवतं.

एक राहिलं. तिसऱ्या फोनवर सांगितलं गेलं की वॉरंटी हवी तर कुकर पुण्याला पाठवा, खर्च तुमचा. आतलं चिनीमातीचं जड भांडं धरून या वस्तूचं वजन तुम्हाला ठाऊक आहे. ते पार्सल पुण्याला पाठवायला कुकरच्या किमतीहून जास्त डॉलर लागतात. ही वॉरंटी देताना कुणी हिशेब केला होता का?

मला काय हवं ते असं. पूर्ण पैसे परत. माझ्या लॉटमधले एलिमेंट तपासल्याचं लेखी पत्र, निर्यातीचे आणि देशातले, दोन्ही. तक्रारीवरचा 'वापरात चूक' हा शेरा काढून टाकणं. आणि कालच्या त्या माणसाने माझी माफी मागावी, फोनवर, माझीच, सरांची नाही.

१५ डिसेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर मी कार्डाच्या बँकेकडे पैसे अडवण्याचा अर्ज करीन आणि इथल्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनकडे मीटरच्या फोटोंसह तक्रार नोंदवीन. माझा भाऊ पुण्यात आहे, तो १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करील. हे धमकी म्हणून वाचायचं असेल तर तसं वाचा.

मला हे लिहिताना वाईट वाटतं आहे. लग्नात आईने दिलेला तुमचा मिक्सर माझ्याकडे बावीस वर्षं चालला, एकदा फक्त ब्रश बदलले. त्या नावावर मी दुकानातले दुसरे चार कुकर सोडून हा उचलला आणि मंडळाच्या बायकांनाही सांगितलं, आपल्या पुण्याचा आहे, घ्या. त्यातल्या तिघींनी घेतला. काल फोन ठेवल्यावर, रात्री साडेबाराला, मी त्या तिघींना मेसेज केला की मीटर लावल्याशिवाय वापरू नका. एकीचा ६४ वॉट आला आहे.

म्हणजे एक नाही, निदान दोन. कुकर गॅरेजमध्ये खोक्यात भरून ठेवला आहे. हवा असेल तर उचलायला माणूस पाठवा.

एक ग्राहक
(बिल, तळाच्या पट्टीचा फोटो, मीटरचे तीन फोटो आणि पुस्तिकेचं पान ३१ सोबत जोडलं आहे.)