नाताळची सुट्टी आणि मुलं: लंडनमधल्या सभासद पालकांसाठी सूचना

सभासदहो, नमस्कार.

शाळा सुटल्या की साधारण दोन आठवडे मुलं घरात, आणि बाहेर चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. तेव्हा फिरायचं तर सकाळीच निघा. साउथ केन्सिंग्टनची नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम दोन्ही फुकट आहेत, पण वेळ आधी ऑनलाइन बुक करून ठेवा. 24 ते 26 डिसेंबर दोन्ही बंद. 25 तारखेला ट्यूब आणि बस धावत नाहीत, हे नव्याने आलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावं. त्या दिवशी एकत्र जमायचं असेल तर चालत जाता येईल असंच घर ठरवा, नाहीतर गाडीवाल्या सभासदाला आत्ताच गाठा.

घरी शंकरपाळे करायला घ्या. लाटणं, कातणाने कापणं मुलांकडे, तळण आपल्याकडे. मैदा सांडेल, सांडू दे. पत्त्यांत गुलामचोर लहानग्यांनाही जमतो. व्यापार काढलात तर भांडणाची तयारी ठेवा. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलही सकाळीच, भारत साडेपाच तास पुढे आहे.

कॅरम किंवा मराठी गोष्टींची पुस्तकं उसनी देऊ शकणाऱ्यांनी ग्रुपवर वस्तू आणि आपला भाग लिहावा. शुभेच्छांचे फॉरवर्ड कृपया इथे नकोत.