महालक्ष्म्यांच्या आधी तुम्हाला हे कळलेलं बरं

पुणे, 14 ऑगस्ट 2022

ती. आई व ती. बाबा,
शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नका. सगळं ठीक आहे, म्हणजे जसं होतं तसंच आहे, आणि तेच सांगायचंय. फोनवर कोविडनंतरच्या माझ्या दुखण्याचं बोलायला घेतलं की बाबा म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आले ना, मग झालं." आई गप्प होते. आणि माझा दम निम्म्यातच संपतो. लिहिताना थांबता येतं. हे पत्र गुरुवारी सुरू केलंय, आज रविवार.

3 सप्टेंबरला महालक्ष्म्या बसणार. दोन वर्षं घरातल्या घरात उरकल्यानंतर यंदा सगळं गोत जमणार, म्हणून बाबांनी व्हॉट्सॲपवर कामांची यादी टाकली. माळ्यावरच्या कोठ्या काढणं, मुखवट्यांची पेटी, केळीचे खुंट, आरास, लायटिंग, आणि सगळ्यांपुढं माझं नाव. बाबा, यातलं बहुतेक मला या वर्षी जमणार नाही.

लगेच "आळस" म्हणू नका. गेल्या दिवाळीत तुम्ही म्हणालात, फिरायला लाग, अंग मोकळं होईल. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी तुमच्याबरोबर रिंग रोडपर्यंत चालून आलो. चालताना काहीच झालं नाही, उलट बरंच वाटलं. तुम्ही आईला म्हणालातसुद्धा, "बघ, काही नाही झालेलं याला." भाऊबीजेला ताईनं ओवाळलं, मी पाटावरून उठलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढचे चार दिवस पडून होतो. आई, तेव्हा तुला ॲसिडिटी सांगितली होती. ते खोटं होतं.

इथल्या डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं. या दुखण्यात केलेल्या श्रमांचं बिल त्याच दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. म्हणून माणूस फसतो. आज जमलं म्हणून उद्या दुप्पट करायला जातो आणि आडवा होतो. एरवी आजारातून उठलेल्याला "रोज थोडं वाढवत जा" सांगतात, ते मला उलटं पडतं.

दुसऱ्या कुणाला हे समजवायला मला वेळ लागतो, पण तुम्ही लातूरचे आहात. 2016चा उन्हाळा आठवा. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर, आणि सगळं गाव बघायला स्टेशनवर. पण आपल्या घरात खरं राज्य चालायचं ते आईच्या रांजणाचं. टँकर पुन्हा कधी येईल ते सांगता यायचं नाही, म्हणून आई तांब्यानं मोजून पाणी द्यायची. एकदा मी सुट्टीला आलो आणि पहिल्याच दिवशी दोन बादल्या अंगावर ओतून घेतल्या. पुढं तीन दिवस भांडी राखेनं घासावी लागली आणि आई माझ्याशी धड बोलली नाही. माझ्या अंगातली ताकद आता त्या रांजणासारखी आहे. रोज थोडी येते, किती येईल ते माझ्या हातात नाही. अंघोळ एक तांब्या, जिना दोन तांबे, ऑफिसची मीटिंग चार. मीटिंगला एवढे लागतील असं मला आधी कधी वाटलं नव्हतं. ऐकायचं, लक्षात ठेवायचं, उत्तर द्यायचं, यात सगळं रिकामं होतं. मागच्या महिन्यात एकच व्हाउचर दोनदा पास केलं. साहेबांनी सांभाळून घेतलं, पण मला रात्रभर झोप नाही.

आता रिपोर्टचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, छातीचा सीटी स्कॅन, हृदयाचा इको, सगळं चांगलं. ते चांगलं असल्याचा मलाही आनंद आहे. पण एका डॉक्टरांनी मशीनला हात न लावता मला आधी झोपवलं, मग दहा मिनिटं नुसतं उभं केलं. झोपून नाडी 74, उभं राहिल्यावर 112. मी काही करत नव्हतो हो, भिंतीजवळ उभा होतो फक्त! देवघरासमोर आरतीला मी मागं खुर्ची का ओढतो, ते यावरून कळेल. मावशीला ते उद्धटपणाचं वाटलं होतं. तिला सांगा.

याला नावही आहे. लोक लाँग कोविड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2021 मध्ये व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेला, किमान दोन महिने टिकणारा, दुसऱ्या कुठल्या कारणानं न उलगडणारा त्रास. मला सोळा महिने झाले. आणि बाबा, काकांना "लसीमुळं झालं" असं सांगू नका. मी एप्रिल 2021 मध्ये आजारी पडलो, आमच्या वयाच्या लोकांना लस 1 मेपासून सुरू झाली.

आई, पुढचं तुझ्यासाठी.

2006 मध्ये आपल्या गल्लीत चिकुनगुनिया आला तेव्हा मी बारावीला होतो. तुझा ताप चार-पाच दिवसांत उतरला. त्यानंतर कितीतरी महिने तू सकाळी भिंत धरून उठायचीस. पोळपाट ओट्यावर न ठेवता टेबलावर घेऊन बसून पोळ्या लाटायचीस. पातेलं उतरवताना मनगट धरून थांबायचीस. आणि मी, डबा उशिरा मिळाला म्हणून, म्हणालो होतो, "ताप तर कधीच गेला ना?" तू काही बोलली नाहीस. डबा भरून दिलास. हे वाक्य मला सोळा वर्षं आठवलं नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या एका सहकाऱ्यानं जवळजवळ तेच मला ऐकवलं आणि डोळ्यांपुढं तुझं मनगट आलं. चुकलं माझं.

अजून एक. मागच्या वेळी तू केलेल्या कांद्याच्या पिठल्याचं ताट मी सरकवलं आणि तू नंतर जेवली नाहीस, हे स्वातीनं मला सांगितलं. पिठल्यात काही वाईट नव्हतं. वास गेला होता तो परत आला, पण वेडावाकडा. परतलेला कांदा मला सडल्यासारखा येतो, कॉफी जळक्या रबरासारखी. रोज सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी एकेक करून हुंगतो, नाकाला पुन्हा शिकवायला. चिऊ मला "बाबा, लवंगेची शाळा सुटली का?" विचारते. लिंबू आता लिंबासारखं येतं, बाकीचे अजून यायचेत. वरण-भात आणि पुरण मात्र पूर्वीसारखंच लागतं, त्यामुळं तुझी पुरणपोळी सुटणार नाही.

येणार आहोत, नक्की. पण आदल्या दिवशी नाही, 1 तारखेलाच निघतो, म्हणजे एक दिवस नुसता पडून काढता येईल. तो दिवस कुणाला भेटायला बोलावू नका. कोठ्या आणि खुंट पप्पूकडे द्या, त्याला हजार रुपये मी देतो. सोळा भाज्या निवडण्याचं काम माझं, ते बसून होतं. फोडणीच्या वेळी मी ओसरीत जाऊन बसेन. आरास कशी लावायची ते खुर्चीतून सांगेन, त्यावरून बाबांशी भांडण होईल तेवढी ताकद मी राखून ठेवलीय.

तुमचा,
बाळू

ता. क. पत्र स्वातीला वाचायला दिलं. ती म्हणाली, लवंगेचं दोनदा लिहिलं होतंस, एक खोडलंय. दुसरं काही राहिलं असेल तर आल्यावर सांगतो.